सुटीच्या दिवशी शटर वर

हॅलो? … हॅलो, अगं बोल! … नाही, निरोप नंतर घे. आधी सांग, बस सुटली? … सुटली! अरे देवा. उतर. … खाली उतर म्हणतेय! … अगं ऐक ना, आठवीचा वर्ग बंद होत नाहीये. तुझी नोकरी शाबूत आहे. … हो, हो, पगारासकट! … छे, अनुदान कुठलं येतंय! बाजारपेठेनं दिला.

आपला कोपऱ्यावरचा न्हावी… हो, तोच बडबड्या. म्हणाला, सुटीच्या दिवशी दुकान उघडतो, ती कमाई आठवीच्या बाईंच्या पगाराला. मग शिंपी कशाला मागे राहतोय! घड्याळवाला, चष्मेवाला, एकेकानं शटर वर केलं. … तुला कसं सांगणार, मलाच आज कळलं! … अगं, रांगा लागल्यात, रांगा! आपल्या क्लार्कच्या डोक्यावर केस ते किती, तेसुद्धा दोनदा कापून आले. … हस, हस! … नाही गं, एक दिवसाचं नाही. वर्षभर, दर आठवड्याला. संस्थेनं लिहून घेतलंय. आता उतरतेस ना?

… थांबत नाही म्हणतो? कंडक्टरला दे फोन. … दे गं!

नमस्कार दादा. मी शाळेची मुख्याध्यापिका. त्या बाईंना उतरवा. … तिथे बसचा थांबा नाही, ठाऊक आहे मला. … नियम मला नका शिकवू, मी जन्मभर तेच शिकवतेय. … काय? आवाज ओळखलात? कुणाचे वडील? … अय्या, आमच्या का-ताईचे बाबा! दिवसभर 'का? का?' करून जीव खाते हो, गोड आहे पोरगी. … सातवीत ना? मग दादा, पुढच्या वर्षी तिच्या 'का'ला उत्तरं कोण देणार, तुम्ही? … हॅलो? … वाजवलीत! ऐकली हो घंटी, ऐकली!

… हं, बोल. उतरलीस? … ट्रंक टपावरच राहिली? जाऊ दे, ट्रंकेला कुठे आठवी शिकवायची आहे! परतीच्या फेरीत आणतील दादा. … रडतेस काय वेडे! … मी? छे. घसा बसलाय. … बरं बाई, रडतेय. आनंद झालाय मला, फार झालाय. सकाळपासून तुझ्या रिकाम्या वर्गात जाऊन बसले होते.

… नाही, चालत येऊ नकोस. तिथेच उभी राहा. अख्खी आठवी सायकली घेऊन निघालीय तुला आणायला. … थांबवू कशी? मीच एकीच्या मागे बसलेय… अगं हळू, हळू, खड्डा! हँडल धर नीट! … ठेवते गं, ठेवते!