एका दमाची हवा

(रत्नागिरी, १९८४. धक्क्याला बांधलेल्या ‘गुलबहार’ या जुन्या टगबोटीचं इंजिनघर.)

महिपत : चाचा, हात काढा त्या दांड्यावरनं! इंजिन चालू करायच्या बाटलीत एकाच वेळेपुरती हवा उरलीय. ती फुकट गेली की इंजिन फिरवायचं कशानं?

अहमद : मला शिकवतोस? तू इथे तेल पुसायला आलास तेव्हा मी हिचा ड्रायव्हर होतो.

महिपत : म्हणून तर बंदराच्या साहेबाला ‘चालवून दाखवतो’ असं छातीठोक सांगून आलात! चार वाजता तो येतोय. चालली तर बंदरात राहील, नायतर उद्या भंगारवाला हिचे तुकडे करतो.

अहमद : दोन महिने खपलो रे. पिस्टन घासले, पंप बदलला, नळ्या साफ केल्या. तरी मेली दोनदा खोकते नि गप्प! माझ्यावरच रुसलीय.

महिपत : चाची आल्या बघा डबा घेऊन. शिडी जपून, चाची!

शरीफा : घावणे आणलेत, आधी खाऊन घ्या. या अल्ला, काय हा धूर! माझ्या चुलीचं धुराडं तुंबलं की अस्साच घरभर फिरतो.

महिपत : हे इंजिन हाय चाची, चूल नाय.

शरीफा : धुराला काय ठाऊक? वाट नाय मिळाली की येतो माघारी.

महिपत : चाचा? घावणे सोडून वर काय बघताय?

अहमद : महिपत, वर जा. चिमणीचं झाकण काढ नि आत हात घाल. खोल.

महिपत : झाकण मीच रंगवलंय. आत काय असणार?

अहमद : जा रे बाबा, जा!

शरीफा : काय लपवताय?

अहमद : सहा वर्षांमागं हिला इथं बांधली ना, तेव्हा मिरगाआधी चिमणीत बोळा कोंबला होता. आत पाणी जाऊ नये म्हणून. साफ विसरलो.

महिपत : सापडली! चाची, गोधडी हाय! लाल काठाची!

शरीफा : माझ्या आईची! तुम्ही तर म्हणालात, वाऱ्यानं उडाली! सहा वर्षं मी त्या शेजारच्या बिल्किसवर चोरीचा संशय घेतला!

अहमद : गोणपाट गळतं गो. ही भंगारात जाणार म्हणत होते सगळे. मला उघडी टाकवेना.

शरीफा : आणि मी काय पांघरत होते, ते विचारलंत कधी?

महिपत : भांडण मागाहून! पावणेचार झाले. दाबा, चाचा.

अहमद : बिस्मिल्ला.

महिपत : धरलीन! चाचा, धरलीन! ऐका कशी बोलतेय!

शरीफा : डोळे पुसा. साहेबाची जीप आली.

अहमद : धूर गेला डोळ्यांत.

शरीफा : धूर तर आता वरनं चाललाय.

अहमद : बरं, नाय गेला. ती गोधडी टाकून दे आता, पार काळी झाली.

शरीफा : टाकू कशाला? धुऊन ठेवते. पुढच्या मिरगाला हिला लागेल.