मा अर्नेस्टीनच्या ओट्यावरच्या खुर्चीत कोण बसतं

जबाब देणारीचं नाव हायसिंथ कॅलिस्ट. वय त्रेसष्ट. धंदा शिवणकाम, मुख्यतः शाळेचे गणवेश; शिवाय सांता इनेस हौशी भूतशोधक मंडळाची अध्यक्ष, बिनपगारी. राहणार मिशन रोड, चर्चच्या मागे, सांता इनेस, त्रिनिदाद.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर जन्मापासून राहते. हा जबाब कॉर्पोरल गिटन्स साहेब स्वतःच्या हाताने लिहीत आहेत. साहेबांची आमच्या गावात बदली होऊन वर्षही झालेलं नाही. समोरच्या बाकावर माझी शेजारीण मा अर्नेस्टीन लेझामा आणि तिचा मुलगा केल्विन बसले आहेत. मंडळाचे दुसरे सभासद बॉयसी रामकिसून बाहेर आपल्या टॅक्सीत बसून आहेत, कारण त्यांना ठाण्याची भीती वाटते. भुताची वाटत नाही, असं ते सांगतात. त्याबद्दल पुढे येईलच.

केल्विनची तक्रार अशी की, काल दुपारी दोन इसम कपडे उलटे घालून, उलट्या पावलांनी, त्याच्या आईच्या मागच्या दारातून बाहेर पडत होते आणि दोनदा हाक मारूनही त्यांनी ओ दिली नाही. तक्रार शब्दन् शब्द खरी आहे. ते इसम म्हणजे मी आणि बॉयसी. पण चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला नको, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मा अर्नेस्टीनचं वय एक्क्याऐंशी. तिचा नवरा फिट्झरॉय मागच्या कार्निव्हलच्या आधी वारला. तो रोज दुपारी जेवून ओट्यावरच्या झुलत्या खुर्चीत बसायचा. गेले काही महिने मा सांगते आहे की, तीनच्या सुमारास ती खुर्ची पुन्हा करकरते. त्या वेळी ती आत पडलेली असते, आणि गुडघ्यांमुळे तिला झटकन उठता येत नाही. मग ती आतूनच विचारते, "फिट्झरॉय, आलास का?" त्यावर बाहेरून उत्तर येतं, "हं." खिडकीत झाकून ठेवलेलं ताटही रिकामं होतं.

केल्विन पोर्ट ऑफ स्पेनला असतो. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगा वाईट नाही, दर रविवारी येतो. पण आई मेलेल्या बापाला जेवू घालते हे कळल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या गॅस चालू ठेवून झोपेल, असं तो म्हणायला लागला. त्याने शहरात एक वृद्धाश्रम बघून ठेवला आणि येत्या सोमवारी तिला न्यायचं ठरवलं. हे ठरल्यावर मा काठी टेकत माझ्या दारात आली. मी मशीनवरून उठलेही नव्हते तोवर म्हणाली, "हायसिंथ, तू ती भुतं शोधतेस ना? मग माझ्या ओट्यावर खरंच कोणी येतं की नाही, एवढं बघ. सोमवारच्या आत बघ." तिने त्या दिवशी पावडर लावली नव्हती. मी तिला पावडर न लावता घराबाहेर पडलेलं कधी पाहिलेलं नाही.

भूत शोधायचं म्हणजे तुम्ही नेमकं करता काय, असं साहेब विचारतात. लिहून घ्या साहेब, कधीतरी उपयोगी पडेल. आधी पोटभर जेवायचं. उपाशी माणसाचं पोट गुरगुरतं आणि बाकीचे त्यालाच कण्हणं समजून पळत सुटतात. बॉयसीच्या पोटाने आमच्या दोन तपासण्या वाया घालवल्या आहेत. मग छपरावर चढून बघायचं, कारण या गावातली निम्मी भुतं म्हणजे पत्र्यावर उड्या मारणारे मानिकू, ते मांजराएवढे रानटी प्राणी, असतात, आणि मानिकूला मंत्र नाही, पिंजरा लागतो. घर कोणाला स्वस्तात हवं आहे का, याची चौकशी करायची. आत जाताना कपडे उलटे घालायचे, म्हणजे तिथलं जे काही असेल ते आपल्याला ओळखत नाही. नावं घ्यायची नाहीत. स्वतःचं सांगायचं नाही, समोरच्याचं विचारायचं नाही.

साहेब म्हणाले, "बाई, मुद्द्यावर या."

मी म्हटलं, "साहेब, मी मुद्द्यावरच उभी आहे. तुम्ही लिहा."

हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, तिसरी मारतो तो जिवंत. केल्विनने तिसरी हाक मारलीच नाही, सरळ फोन काढला. आमच्या आजीने हे नियम घालून दिले तेव्हा लोकांच्या खिशात फोन नव्हते. आणि बाहेर पडताना उलट्या पावलांनी निघायचं, म्हणजे ते आपल्यामागे घरी येत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, टक लावून बसायचं नाही. टक लावून बसणाऱ्यासमोर मेलेलंच काय, जिवंत माणूसही मोकळेपणी येऊन बसत नाही. आपण पीठ चाळून टाकायचं आणि दुसरीकडे जाऊन गप्प राहायचं.

त्याप्रमाणे काल जेवणानंतर मी ओट्यावर गव्हाचं पीठ चाळून पसरलं. ओटा पांढऱ्या रंगाचा आहे, त्यामुळे येणाऱ्याला ते दिसण्यासारखं नव्हतं. मा पलंगावर पडली. मी आणि बॉयसी स्वयंपाकघरात बसलो. खिडकीतल्या ताटात नारळाची भाकरी आणि खारवलेला मासा होता. वासाने बॉयसी कासावीस झाला होता, पण त्याला मी हात लावू दिला नाही.

तीनच्या सुमारास फाटक वाजलं. मग खुर्ची करकरली. मा आतून म्हणाली, "फिट्झरॉय, आलास का? आज मासा खारट झालाय, पाणी घे." बाहेरून आवाज आला, "हं." मी हा "हं" स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. बॉयसीनेही ऐकला. ऐकल्याबरोबर त्याची पाचावर धारण बसली. तो मागच्या दाराकडे उलट्या पावलांनी निघाला आणि जाताना मलाही दंडाला धरून घेऊन गेला. मी घाबरले नव्हते. मला फक्त वेगळं जायला जागा नव्हती.

मागच्या अंगणात केल्विनची गाडी नुकतीच येऊन थांबली होती. आईचं सामान बांधायला तो लवकर आला होता. त्याने दोनदा हाक मारली आणि पोलिसांना फोन लावला. ठाणं तिथून चांगलं मैलभर लांब आहे. तरी केल्विनने फोन खिशात ठेवायच्या आत कॉर्पोरल गिटन्स साहेब घराच्या पुढच्या बाजूने चालत आले. त्यांच्या मिशीला भाकरीचा चुरा होता. बॉयसी म्हणाला, "याला म्हणतात पोलीस." तो मनापासून म्हणाला.

साहेब इथे लिहायचे थांबले आणि पाणी प्यायले. ते हळूच म्हणाले, "मिस हायसिंथ, चुऱ्याचं लिहायलाच हवं का?" मी म्हटलं, "सोमवारी म्हातारीला नेणार आहेत, साहेब." त्यावर त्यांनी लिहिलं. माझं त्यांच्याशी काही वैर नाही.

साहेब गेल्यावर मी ओटा तपासला. पिठात फाटकाच्या बाजूने खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून ओट्याच्या कडेच्या नळाकडे बुटांचे ठसे होते. भुताला बूट नसतात. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली होती. तशी टाच आत्ता या टेबलाखाली आहे. मी खाली वाकून बघितलेलं नाही. पण मी आल्यापासून साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतलेत. चोराच्या मनात चांदणं. तरीही साहेबांनी या ठिकाणी "अज्ञात इसम" असं लिहिलं आहे. मी म्हटलं, लिहा, तूर्त चालेल.

यानंतर सदर अज्ञात इसमाने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं ते असं. नव्याने बदली झाली तेव्हा गस्तीवर पायाला फोड आले होते, म्हणून तो त्या ओट्यावर घटकाभर टेकला. आतून आवाज आला, "फिट्झरॉय, आलास का?" नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना. आवाजात फार आनंद होता, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी खिडकीत ताट होतं. मग न जाणं त्याला वाईट वाटायला लागलं. गावात त्याचं कोणी नाही, आणि दुपारी पाव खाऊन कंटाळा आला होता, हेही त्याने सांगितलं. हे सगळं त्यानेच मग पेन उचलून लिहून घेतलं.

केल्विनने हे सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळला. लहानपणापासून तो मला तांती, म्हणजे मावशी, म्हणतो. म्हणाला, "तांती, बरं, कोणी येत होतं, मान्य. पण आईने चालत्याबोलत्या पोलिसाला बाबा समजून जेवू घातलं. यात डोकं ठिकाणावर असल्याचं काय दिसलं तुला?"

यावर मा अर्नेस्टीनच बोलली. तिने आज पावडर लावली होती.

ती म्हणाली, "केल्विन, तुझ्या बापाने बावन्न वर्षांत स्वतःचं ताट उचललं नाही. हा पोरगा ताट धुतो, पालथं घालतो, आणि जाताना फाटकाची कडी लावतो. मला काय कळत नाही का, हा तुझा बाप नाही म्हणून?"

"मग मला कशाला शोधायला लावलंस?" मी विचारलं. थोडी रागावूनच, कारण पीठ माझं होतं.

"माझं एकटीचं कोण खरं मानतं गं? मला साक्षीदार हवा होता."

केल्विन म्हणाला, "आणि मग बाबांचं नाव घेऊन हाक का मारायचीस त्याला?"

मा म्हणाली, "दुसरं नाव मला माहीत नव्हतं. आणि विचारलं असतं, तर उठून गेला असता."

केल्विनने रुमाल काढून नाक शिंकरलं. सोमवारचं तो शहरात फोन करून रद्द करणार आहे. हे त्याने माझ्यासमोर सांगितलं आणि मी ते मुद्दाम लिहायला लावते आहे. त्याने तक्रारही मागे घेतली. बॉयसीला आत बोलावलं, पण त्याने दोन हाकांना ओ दिली नाही. तिसरी मी मारली नाही. सही तो गाडीतच करेल.

हा जबाब साहेबांनी मला घाईने नाही, तर सावकाश वाचून दाखवला, आणि मा अर्नेस्टीनला पुन्हा ऐकायचा होता म्हणून काही भाग मोठ्याने दुसऱ्यांदा वाचला. मी सांगितलं तसाच तो आहे. एकच दुरुस्ती केली आहे. मा अर्नेस्टीनने साहेबांना त्यांचं नाव विचारलं, आणि तिच्या सांगण्यावरून "अज्ञात इसम" हे शब्द सगळीकडे खोडून तिथे "क्लाइव्ह गिटन्स" असं लिहिलं. खोडाखोडीजवळ तिने स्वतः सही केली आणि साहेबांना सांगितलं, उद्या कोंबडीचा पेलाव भात आहे, तीनला ये, आणि आता समोरून आत येऊन बस.