गळ्यातली कातर

शहापुरातल्या दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माधवीचं मोबाईलमध्ये लक्ष नव्हतं. शेजारी वडगावच्या विणकर नवरा-बायकोची जुंपली होती. ताराबाई मांडीवरच्या साडीच्या पदराला गोंडे बांधत होत्या आणि सिद्रामअण्णांच्या गळ्यात नाडीला ओवलेली कातर लोंबत होती.

"हितं तरी ही काढू दे की गं. लोक बघाय लागल्यात."

"बघू द्यात. चाळीस वर्सं दोरा दाढेखाली धरून तोडलासा, म्हणून तर दाढंचा कोपरा उडाला."

"मग डॉक्टरनं तेवढाच कोपरा मापानं करून आणलाय न्हवं? ऑनले का काय म्हणत्यात त्येला. आज चिकटवला की झालं."

"मी म्हणत होते, उपटून टाका एकदाची."

"एक तार तुटली म्हणून सगळा ताणा फेकून देतीस व्हय?"

"न्हाय वो. पर परत दातानं दोरा तोडलासा तर बघा!"

"कशाला तोडतोय? कातर हाय की गळ्यात."

आतून हाक आली. अण्णा कातरीसकट आत गेले.

ताराबाईंनी शेवटच्या गोंड्याची गाठ मारली आणि सवयीनं शेजारी हात लांबवला. खुर्ची रिकामी होती. त्यांनी दोरा दाढेखाली धरला.

कट्!

माधवी बघतच राहिली.

"पुढचा नंबर तुझा न्हवं, पोरी?"

"व्हय, मावशी."

"हे भाईर आल्यावर ह्यातलं काय बोलू नगंस हं."