दाजींचा शिंगवाला सरडा

हॅलो? … कोण? … चांगुणा व्हय! बोल गं, बोल. … न्हाई, भाजी निवडतीया. … बरी हायेत सगळी. … तुझं दाजी? … आत हायेत. … आत म्हंजे… पडल्यात जरा.

… काय? … कुटं बघितलंस? … पौडच्या स्टँडवर? … तेच हायेत का पण? … काचंची पेटी, वर टॉवेल… व्हय. तेच. … चांगुणे, खोटं बोलले गं मी. सकाळपास्नं घरात न्हाईत. फोन हितंच पडलाय, चार्जरला. आमची सायली सगळ्या मारुंजीत गाडीवर हिंडून आली. … कुणाला इचारायचं? आन काय म्हणून इचारायचं? तोंड दाखवायची लाज वाटती मला.

… जवळ गेलीस का त्यांच्या? … मान फिरवली? … तुझ्यावर न्हाई गं राग. माझ्यावर हाय.

… अगं ऐक ना, सांगते. पेटीत सरडा हाय. … थांब, वरडू नको, लोकं बघतील! … सरडाच. पर आपल्याकडचा न्हाई, अमेरिकेचा. चपटा, भाकरीवानी, डोस्क्यावर शिंगं. आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू न्हाई का, शैलेश, कंपनीतला? त्यानं कुटनंतरी आणला व्हता, चोरून. आन खोली सोडताना गेला की तसाच ठिवून! … व्हय, फोनच उचलत न्हाई. मी म्हणलं, द्या फेकून. तर हे म्हणलं, बाहेर सोडला तर जगायचा न्हाई, हितल्या मातीतला न्हाई तो.

… मुंग्या. निस्त्या मुंग्या खातो. दुसऱ्या कशाला तोंड लावत न्हाई. म्हणून हे उजाडलं की डबा घेऊन बाहेर. शेजारच्या सोसायटीच्या कुंपणाला गुडघं टेकून मुंग्या गोळा करत बसायचं. लोकं हसायची. "जयवंतराव, साखर सांडली का?" मला दुकानात जायची चोरी झाली. … व्हय, हाय की, जित्राबावानी जीव लावला. तुला ठावं हाय, रान इकल्यापास्नं माणूस घरात बोलत नव्हता. ह्यो आला आन बोलाया लागलं. "रत्ना, बघ, आज लई खाल्लं त्यानं." … आन मी काय केलं!

… कालच गं. सायलीला बघायला घोटावड्याची माणसं आली व्हती. मी म्हणलं, पेटी माळ्यावर ठिवा. हे म्हणलं, खिडकीतच बरा असतो. पोराचा मामा, नरहरी, त्यानं हात घातला आत. बोटानं ढोसाया लागला. हे नको नको म्हणत्यात तवर सरड्याच्या डोळ्यातनं रगत! … अगं खरंच, डोळ्यातनं! चिळकांडी उडाली. मामाचा पांढरा सदरा लाल. … लई घाबरला की तसं करतो म्हणं. … मला काय ठावं? ह्यांच्या हातात कवाच केलं नव्हतं त्यानं.

सगळी उठून उभी ऱ्हायली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आन तोंडातनं गेलं माझ्या… … न्हाई सांगवत. … "ह्यांच्या डोस्क्यावर परिणाम झालाय. रान गेलं तवापास्नं. तुमी मनावर घेऊ नका." … सगळ्यांदेखत, चांगुणे. पोरीदेखत. … ह्यांनी? टॉवेल वला केला, मामाचा सदरा पुसून दिला. मग पेटीजवळ जाऊन बसलं. … जेवलं न्हाईत.

… न्हाई, पाहुण्यांचा निरोप न्हाई आला. न्हाई आला तर न्हाई. सायलीच म्हणली, "आई, हात मामानं घातला, आन येडं आपलं बाबा व्हय?"

… काय? फॉरेस्टच्या हापिसात? … कुणाला म्हणलं असं? … चहावाल्याला. … सरडा द्यायला आल्यात. … मग गेलं न्हाईत अजून? निस्तं बसल्यात… … चांगुणे, तुझा फोन दे त्यांना. … न्हाई घेतला तर कानाला लाव. … जा की गं!

हॅलो? … अहो? … मी हाय. रत्ना. … ठिवू नका. … काल मी… … तुमाला काय बी झालेलं न्हाई. मला झालं व्हतं. लोकं काय म्हणतील, ह्येचंच. … घोटावड्याला फोन करते मी. त्यांच्याम्होरं बोलले, त्यांनाच सांगते. … न्हाई, सांगणार. मोडंना का लग्न. … बरं.

… द्यायचा तर द्या त्याला. नीट संभाळतील ती माणसं. पर एकटं आत जाऊ नका. मी निघालेच. सायली गाडी काढतीया. … अहो? … रडताय व्हय? … बरं, बरं. नका बोलू.

… काय? … ऊन लागतंय? मग सावलीत ठिवा की त्याला. … व्हय. आन तुमीबी सावलीत बसा. … आले मी. ठिवते.