चादरीखालची फुलपाखरं

—नाही, ती कात्री आधी खाली ठेव, पोरी. पालिकेनं पाठवलंय ना तुला? पालिका काही पळून जात नाही. बस. कॉफी घे, दालचिनी घातलीय. तुमचा कागद मी वाचलाय, चष्मा लावून, दोनदा — लाल-पिवळ्या फुलांची ही चिकाची झाडं थंडीआधी मुळापर्यंत छाटा, बदल्यात थंडीत आपोआप पानं झडणारं, इथल्याच मातीतलं गावठी रोप फुकट घ्या. चांगलंय. रस्त्याकडेचं गवतसुद्धा हल्ली फुलपाखरं गेल्यावरच कापता, बघते मी. शहाणं झालं की सॅन अँटोनियो! पण ही झाडं नोएमीनं लावलीत. माझी लेक. तो बघ फोटो, झेंडूच्या फुलांत. परवा मृतांचा दिवस, गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात, परवा तीही येणार — आणि तिनं काय, बोडकं अंगण बघायचं?

हो हो, ठाऊक आहे, याच झाडांवर अंडी घालणाऱ्या मोनार्क फुलपाखरांनी या दिवसांत मेक्सिकोला जायचं असतं. आईच्या गावात, मिचोआकानला, ती नेमकी याच सणाला पोचायची — आम्ही म्हणायचो, आपली माणसं आली. माझ्याकडची मात्र जातच नाहीत. का जातील? इथं जानेवारीतही फुलं. कडाका पडला की मी झाडांवर चादरी घालते, नोएमीच्या पलंगावरच्या. शेजारची एर्मेलिंडा हसते — ‘एउलालिया, आता अंगाईपण म्हण त्यांना!’ हसू दे. लेकीमागे चार हिवाळे गेले, एक झाड मरू दिलं नाही मी.

तो खोका उघडू नको. — उघडलासच. बरं. वरचं फुलपाखरू आहे ना, ते काल कोषातून निघालं. पंख बघ, चुरगळलेत नुसते. उडता येत नाही, रांगतात बिचारी, मग मरतात. मला टाकवत नाहीत. तुमच्या कागदात लिहिलंय — पानं झडत नाहीत म्हणून रोग पानांवरच राहतो, अळ्या तीच पानं खातात. म्हणजे मीच की! आणि मला वाटत होतं, थंडीतून वाचवतेय मी त्यांना.

नोएमीला दूर उत्तरेला, मिनेसोटात नोकरी लागली होती, शाळेत शिकवायची. बॅग भरून दारात ठेवलेली — आणि माझ्या छातीत दुखायला लागलं. तिनं बॅग उघडली, कपडे परत कपाटात लावले. मग नऊ वर्षं धुलाईच्या कारखान्यात, त्या वाफेत, त्या औषधांच्या वासात... खोकत खोकत गेली ग. — माझी छाती? छातीला काय होतंय? काही नाही. तेव्हाही काही नव्हतं. एकटीनं राहायची भीती वाटली मला, बस्, तेवढंच. हे पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही मी, आणि तुला कशाला सांगत बसले... तुझी कॉफी गार झाली बघ.

दे ती कात्री. नको, मीच छाटते. कुठून? इथून? आणखी खाली? — चीक लागू दे हाताला, काही होत नाही. हं. हे एक झालं. तुझं रोप पायरीवर ठेव, मी लावीन. रडू नको, आणि मला धरू नको. जा तू आता. मला चादरी धुवायच्यात. परवा ती यायच्या आत पलंगावर घालायला हव्यात.