बटाट्याच्या गाड्याखाली

सोइला: म्हणजे चॅनेलने तुझं भाषण लिहायला तीन शिकलेली पोरं बसवली, आणि तू टॅक्सी करून माझ्या दारात?

कासिमिरो: आरशासमोर म्हणून बघितलं गं. 'विनम्र भावनेने', 'कृतज्ञतापूर्वक'... मयताला आल्यासारखं वाटतं. माझ्या तोंडात बसतच नाही.

सोइला: तुझ्या तोंडात तुझं स्वतःचं कधी काय बसलंय?

कासिमिरो: झाली सुरू! हे घे, तुर्रोन मिठाई आणलीय. तुझ्या आवडीची.

सोइला: मला साखर आहे, कासिमिरो. ठेव तिकडे, शेजारीण खाईल.

कासिमिरो: शनिवारी माझा सत्कार अख्खं लिमा बघणारे. नगरपालिकेचं थिएटर, महापौर, सगळं थेट टीव्हीवर. आणि मला घागरा घालू देत नाहीयेत! म्हणे सुटात या, स्वतः म्हणून बोला. लोकांनी मला आयुष्यभर टीव्हीवर दोन्या निकोलासा, ती बटाटेवाली बाई, म्हणून बघितलंय. दोन वेण्या, टोपी, बटाट्याचा गाडा. सुटात मला ओळखणार कोण?

सोइला: तू तरी कुठे ओळखणारेस!

कासिमिरो: थट्टा पुरे. तू येणार ना?

सोइला: आलंय आमंत्रण. वरची गॅलरी, खांबामागे.

कासिमिरो: तिथे कशाला? तू स्टेजवर ये. बोलायचं ते टेबल आहे ना, चांगलं ऐसपैस आहे. समोरून बंद. मी वाकून बघून आलोय. खाली उशी ठेवतो तुझ्यासाठी.

सोइला: काय म्हणालास?

कासिमिरो: पूर्वीसारखंच गं. तू खालून सांगायचंस, मी वरून बोलायचं.

सोइला: वा रे वा! म्हातारपणी महापौराच्या बुटांपाशी कुत्र्यासारखी बसू? अरे, दोन्ही गुडघे बदललेत माझे. तुझ्या त्या गाड्याखाली बटाट्याच्या पोत्यांवर बसूनच गेले ते. आणि डॉक्टर विचारतो, बाई, शेतात राबत होतात का? काय सांगू त्याला? टीव्हीत होते?

कासिमिरो: मला पाठ होत नाही, हा काय माझा गुन्हा?

सोइला: नाही. देवाने तुला डोकं टोपी ठेवायला दिलं, त्यात तुझा काय दोष.

कासिमिरो: त्या टोपीवर सारा देश हसला, बाई. आजही बाजारात म्हाताऱ्या गळ्यात पडतात. टॅक्सीवाला पैसे घेत नाही. म्हणतो, एकदा ते वाक्य म्हणा.

सोइला: कुठलं वाक्य?

कासिमिरो: तुला माहीत आहे.

सोइला: म्हण की. लाजतोस काय?

कासिमिरो: 'बोल की मेल्या, बटाटे सडले!'

सोइला: आणि हे कुठून आलं? परवा मुलाखतीत काय बरळत होतास? 'माझी आजी स्वप्नात आली आणि तिने हे शब्द दिले.' आजी! अरे, थेट कार्यक्रम चालू होता. तू कॅमेऱ्याकडे बघत शुंभासारखा उभा. मी खालून तीनदा वाक्य सांगितलं, ढिम्म नाही. शेवटी तुझ्या पोटरीला चिमटा काढून ओरडले, बोल की मेल्या, बटाटे सडले! ती शिवी होती. तुला दिलेली. आणि तू शहाणा तीच गिऱ्हाइकाला म्हणून मोकळा!

कासिमिरो: पण हसले ना लोक?

सोइला: हसले. हसले म्हणून तर तुझा पुतळा व्हायची वेळ आली.

कासिमिरो: तू स्वतः का नाही उभी राहिलीस मग गाड्यामागे?

सोइला: राहिले होते. विसरलास? पहिली चाचणी माझी होती. माझ्याच आईची टोपी घालून, तिच्याच आवाजात. निर्माता म्हणाला, बाईने बाईचं सोंग केलं तर त्यात हसायचं काय? आणि चौकात रिंगण करून माकडचाळे करणारा तू सापडलास त्याला. आयत्या बिळावर नागोबा.

कासिमिरो: मी नसतो तर तुझी आई बाजारातच राहिली असती. कुणाला कळलीही नसती.

सोइला: ती बाजारातच होती, बटाटे विकत. सोमवारी सकाळी आजूबाजूच्या विक्रेत्या तुझी नक्कल तिच्यासमोर करायच्या. म्हणजे तिचीच नक्कल, तिलाच. ती मला विचारायची, 'ही निकोलासा इतकी बडबडते, हिच्या घरी ऐकणारं कुणी नाही का गं?' मी काय बोलणार होते?

कासिमिरो: ...मला हे ठाऊक नव्हतं.

सोइला: तुला मी सांगितल्याशिवाय काय ठाऊक असतं? बस. भाषण देते. टेबलाखाली येणार नाही. इथेच म्हणून घ्यायचं, शनिवारपर्यंत रोज यायचं. आणि त्यात एक वाक्य मला हवं ते असेल. ते गाळलंस तर पुन्हा दारात उभं राहायचं नाही.

कासिमिरो: कुठलं?

सोइला: म्हण माझ्यामागून. 'मित्रहो, मी आयुष्यात एकच काम नीट केलं. सांगितलेलं ऐकलं.'

कासिमिरो: 'मित्रहो, मी आयुष्यात एकच काम नीट केलं. सांगितलेलं ऐकलं.' अगं, छान आहे हे!

सोइला: 'मी गाड्यामागे उभा होतो. गाड्याखाली एक बाई बसली होती.'

कासिमिरो: 'मी गाड्यामागे उभा होतो. गाड्याखाली एक बाई बसली होती.'

सोइला: 'मी जे बोललो ते सगळं तिने लिहिलं. तिचं नाव सोइला वापाया.'

कासिमिरो: 'मी जे बोललो ते सगळं...' पाणी आहे का गं?

सोइला: आहे. वाक्य संपव, मग देते.

कासिमिरो: मग माझं काय उरलं त्यात? लोक विचारतील, याने केलं काय?

सोइला: घागरा छान सांभाळलास. ते मी कधीच नाकारलं नाही. म्हण.

कासिमिरो: 'मी जे बोललो ते सगळं तिने लिहिलं.'

सोइला: पुढे.

कासिमिरो: 'तिचं नाव... सोइला वापाया.'

(सोइला पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवते.)

कासिमिरो: सोइला, खरं सांगू? रागावू नकोस. इथे हसतील लोक.

सोइला: कशाला?

कासिमिरो: मी तोंड उघडलं की हसतातच. त्यांना वाटेल, कार्यक्रमातल्यासारखी निकोलासाने आणखी एक शेजारीण मनाने रचली.

सोइला: मग हसणं संपेपर्यंत थांब. आणि नाव परत सांग.

कासिमिरो: परत हसले तर?

सोइला: परत थांब.