बेटावरचा आराम

गोव्याचं राहू द्या, बेटावर आराम कसा करतात ते मला विचारा. आमगावला मास्तर होतो तेव्हा सायबर कॅफेत एक फोटो पाहिला. बेट, दोन झाडं, मध्ये टांगलेल्या जाळीत झोपलेला गोरा पोरगा आणि खाली त्याची सॅक. म्हटलं, आपल्या नवेगाव बांधाच्या तळ्यातही बेट आहे, सॅक माझ्याकडे आहे. जाळी तेवढी नव्हती, म्हणून डोंग्यातून मासे धरणाऱ्या सुखदेवकाकांना जाळं मागितलं.

"कायले पायजे जी?"

"बेटावर झोपून आराम करायचा आहे."

"काऊन, घरी खाट नाही का?"

मला त्यांची कीव आली. त्यांनी मला बेटावर सोडलं. मी जाळं दुपदरी करून झाडांना बांधलं आणि ऐटीत आडवा झालो. पाच मिनिटांनी कूस बदलली, तर शर्टाची बटणं अडकली. ती सोडवायला गेलो तर बोटं अडकली. पाय झाडले, तेही गेले. संध्याकाळी काका येईपर्यंत मी तसाच लटकून होतो.

"हालू नका जी," काका म्हणाले. "मासोळी हालते तितकी अडकते."

"काका, कापून टाका ते जाळं."

"जाळं कायले कापू? उद्या कामाचं आहे ते." आणि त्यांनी माझा शर्ट कापला.

बनियनवर काठाला उतरलो. मासे घ्यायला थांबलेल्या बाईनं विचारलं, "आज काय गावलं, काका?"

"एक मास्तर," काका म्हणाले. "पण खायच्या कामाचा नाही."